परतीचे पाय

सायकलच्या शर्यतीत सगळ्यात मोठी कला कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, खोटं बोलणं. तोंडानं नव्हे, अंगानं. चढावर दुसरीच्या मागच्या चाकाला चिकटून बसायचं, मान टाकायची, बाटली घेताना हात थोडा थरथरू द्यायचा. पुढची वळून बघते, तिला वाटतं ही आता गेली. मग शेवटच्या वळणाला उभं राहून पायडल मारायचं आणि तिच्या शेजारून निघून जायचं. माझ्या उमेदीत मी दोन राज्य अजिंक्यपदं अशी मारली. पाय माझे इतरांसारखेच होते. नाटक चांगलं यायचं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असा तो जमाना. ती मूठ उघडली माझ्याच धाकट्या भावानं.

निरंजन लहानपणापासून तसाच. मी पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायला बघायचे, तर हा पठ्ठ्या थर्मामीटर घेऊन हजर. पुढे शिकला, वैद्यकीय यंत्रांचा इंजिनिअर झाला, आणि बंद्या रुपयाएवढी एक चकती बनवली. ती मांडीला चिकटवायची. ती कातडीतून आत प्रकाश सोडते, डोळ्याला न दिसणारा, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून स्नायूत प्राणवायू किती आहे ते वाचते. नाडी, अंगातला ताप, घामातल्या आणखी दोन-चार गोष्टीही कळतात. आता प्रत्येक माणसाची आपली एक चाल असते, त्या चालीनं तो तासन्‌तास जाऊ शकतो. त्याच्या वर जोर लावला की अंगातला राखीव साठा खर्च होतो, जोर कमी केला की हळूहळू भरतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखंच. चकती त्या टाकीत किती उरलं ते शंभरापासून शून्यापर्यंत आकड्यात दाखवते. पोरी तिला टाकीच म्हणतात.

टाकी केवढी मोठी, हे मात्र चकतीला आधी सांगावं लागतं. त्यासाठी हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक पोरीची चाचणी होते. जागेवरच्या सायकलवर बसवतात, जोर वाढवत नेतात, आणि ती 'संपलं' म्हणून थांबेल तिथं तिचा तळ धरतात. तळ म्हणजे शून्य.

त्याच सुमाराला कुठल्याशा शर्यतीत एक सतरा वर्षांचा मुलगा भर उन्हात शेवटच्या चढावर कोसळला आणि उठलाच नाही. त्यानंतर ज्युनिअर गटात चकती सक्तीची झाली. शून्य आलं की पोरीला थांबवायचं. शिवाय कुणी लपवाछपवी करायला नको म्हणून प्रत्येकीचा आकडा प्रत्येकीच्या हँडलवर दिसायला लागला. झालं! शर्यती एकदम शहाण्या झाल्या. जिची टाकी मोठी ती जिंकायची, बाकीच्या आपापला आकडा सांभाळत मागून यायच्या. घाटात बघायला येणारी माणसंही कमी झाली. आधीच निकाल माहीत असलेल्या कुस्तीला कोण जाईल?

मी निरंजनवर भडकले होते. वर्षभर त्याच्या घरी गेले नाही, त्याला माझ्याकडे येऊ दिलं नाही. "अक्का, एक पोरगं जरी वाचलं असेल ना, तरी बास," तो फोनवर म्हणायचा. मी फोन आपटायचे, आणि जास्तच राग यायचा.

मी कोल्हापूर जिल्ह्याच्या पोरींची कोच. त्या वर्षी माझ्याकडे कस्तुरी बोडके होती. पन्हाळ्याच्या मागं डोंगरावर सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, धनगरवाडा आहे, चार-पाच घरं आणि पन्नासेक म्हशी, तिथली. सकाळी सायकलनं घाट उतरून शाळेला यायची, संध्याकाळी माझ्याकडे सराव करायची, आणि मग तोच घाट चढून घरी. वाटेतल्या पाण्याच्या टाकीपर्यंत डांबरी, पुढे पायवाट. तिथं सायकल खांद्यावर घ्यायची.

मी रोज म्हणायचे, "कस्तुरी, बस जीपमध्ये. सायकल वर टाकू. सोडते."

"नको मॅडम. तुमास्नी परत यायचं असतंय की एवढ्या लांबनं."

रोज हेच उत्तर. एवढीशी पोर, माझ्या परतीची काळजी करायची. मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर मी फार आग्रहही करत नव्हते. घाट सरावाला चांगला असतो.

चाचणीत तिची टाकी बेताची निघाली. राज्यात पहिल्या दहात, बस. पुण्याच्या ईरा केतकरची तिच्या दीडपट. ईरा पोरगी गुणी, मेहनती, शिस्तीत चालवणारी. त्या वर्षीची राज्य अजिंक्यपद शर्यत सोंडेवाडीच्या घाटात होती आणि पहिली येईल तिला राष्ट्रीय अकादमीत जागा मिळणार होती. एकच जागा. कस्तुरीचं वय पुढच्या वर्षी ज्युनिअर गटातून सरणार होतं, आणि बारावीनंतर तिच्या लग्नाचं बघायचं असं घरी ठरलेलं होतं. हे तिनं मला सायकलची चेन पुसता पुसता सांगितलं होतं, हवापाण्याचं बोलावं तसं.

सोंडेवाडीची फेरी म्हणजे एका अंगानं घाट चढायचा, वर माळावरून सरळ जायचं, दुसऱ्या अंगानं उतरायचं. अशा सहा फेऱ्या, शेवट माळावर. त्या दिवशी अधिकाऱ्यांना गाड्या कमी पडल्या आणि चकतीचा निरीक्षक म्हणून आलेल्या माणसाला माझ्या जीपमध्ये बसवण्यात आलं. निरंजन. मी गाडी चालवत होते, तो शेजारी मांडीवर चकत्यांचे आकडे दाखवणारा पडदा घेऊन बसला होता. चार फेऱ्या आम्ही एकमेकांशी फक्त 'खिडकी वर कर' आणि 'खड्डा आहे' एवढंच बोललो.

पाचव्या फेरीला चढावर कस्तुरी निघाली. कुणाला विचारलं नाही, मागं बघितलं नाही, नुसती निघाली. ईरा तेवढी तिच्याबरोबर गेली. बाकीच्या पोरींनी हँडलवर आकडे बघितले आणि शहाण्यासारखा नाद सोडला.

"वेडी आहे का ही?" निरंजन म्हणाला. "पस्तीस उरलेत. अजून एक अख्खा घाट आहे."

"माझ्याकडची आहे," मी म्हटलं.

सहाव्या फेरीला घाटाच्या पायथ्याशीच तिनं परत जोर लावला. ईरा दोन वळणं टिकली. मग तिनं खाली आकडा बघितला असणार, कारण ती शांतपणे सीटवर बसली आणि आपल्या चालीनं यायला लागली. कस्तुरीचे वीस, मग बारा, मग चार. ईराचे अठ्ठेचाळीस. ईराचं काय चुकलं? काहीच नाही. पुढची पोरगी आत्ता थांबवली जाणार, मग उगाच धावायचं कशाला?

जीपमध्ये घंटा वाजली. शून्य.

घंटेनंतर पडद्यावर दोन बटणं येतात. एकावर लिहिलेलं असतं 'थांबवा'. दुसऱ्यावर 'जबाबदारी माझी'. दुसरं दाबलं आणि पोरीला काही झालं तर कोच कायमचा बाद, पुढे पोलिसांचं वेगळं. नियम झाल्यापासून ते बटण कुणी दाबलं नव्हतं. आणि थोड्या वेळात काहीच दाबलं नाही तर शर्यतप्रमुखाची मोटारसायकल येते आणि पोरीला बाजूला घेते. ती मागच्या वळणावर दिसायला लागलीच होती.

"ताप?" मी विचारलं.

"नाही."

"नाडी?"

"चढलीय, पण सरळ आहे."

"मग?"

"मग काय अक्का, शून्य म्हणजे शून्य." असं म्हणाला खरा, पण पडद्यावरून त्याची नजर उठली आणि समोर गेली. कस्तुरी वळण चढत होती. दमली होती, तोंड उघडं होतं, पण पाय एका लयीत फिरत होते. "शून्यावर पाय असे फिरत नाहीत," तो पुटपुटला. मग एकदम माझ्याकडे वळला. "हिला चाचणीला कुणी आणलं होतं?"

"मीच. तुझ्याच कोल्हापूरच्या लॅबमध्ये."

"आणि चाचणी झाल्यावर ही घरी कशी गेली?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तिथंच माझ्या लक्षात आलं.

"सायकलनं," मी म्हटलं. "घाट चढून. नेहमीसारखी."

"अक्का, त्या चाचणीनंतर पोरींना जिना उतरता येत नाही. आम्ही दाराशी खुर्च्या ठेवल्यात त्यांच्यासाठी."

"म्हणजे चाचणीत तिनं चोरी केली?"

"नाही गं. तसं असतं तर कळलं असतं." तो भरभर बोलायला लागला, लहानपणी बिघडलेलं घड्याळ उघडल्यावर बोलायचा तसा. "दमणं सगळं पायात नसतं. अर्धं मेंदूत असतं. मेंदू पुढं किती वाट आहे ते बघून शिधा काढून देतो. कोठीवर बसलेली सासूच म्हण. पुढं अजून दोन जेवणं आहेत हे तिला माहीत असेल तर ती डबा तळापर्यंत रिकामा करू देत नाही. या पोरीच्या मेंदूला रोज माहीत असतं, सरावानंतर घाट आहे. ती 'संपलं' म्हणाली ते खरंच होतं. घरी जायचं सोडून बाकीचं संपलं होतं."

मला तिच्या बापाचं बोलणं आठवलं. धुळाप्पा बोडके रोज दुधाच्या किटल्या घेऊन खाली उतरायचे आणि वर जायचे. एकदा माझ्यासमोर पोरीला म्हणाले होते, "जायाला कुनी बी जातंय. परतीचं पाय राखून जावं." मला वाटलं होतं, म्हातारं माणूस, बोलतंय काहीतरी.

"मग आत्ता तिच्यात किती आहे?"

"मला माहीत नाही."

"निरंजन!"

"खरंच माहीत नाही! एक घाटभर असेल. नाहीतर तेही या चढात गेलं असेल आणि आता ती स्वतःचे स्नायू जाळत असेल. तिचा तळच चकतीला माहीत नाही, चकती काय सांगणार?" त्यानं कपाळ पुसलं. "मला विचारू नकोस, अक्का. मी थांबवाच म्हणणार. मला तेच म्हणायला पाहिजे."

मी घाबरले. आयुष्यभर दुसऱ्यांना फसवण्यात पटाईत असलेली बाई, पण त्या क्षणी मला ती पोरगी खरं बोलतेय की तिचं अंग खोटं बोलतंय तेच कळेना. थांबवलं तर ती उद्या धडधाकट शाळेत जाईल, बारावी होईल आणि मांडवात उभी राहील. नाही थांबवलं तर कदाचित त्या मुलासारखी रस्त्यावर पडेल. मोटारसायकल आता अगदी मागं आली होती.

मी जीप पुढं काढली आणि तिच्या बरोबरीला आणली. निरंजननं काच खाली केली.

"कस्तुरी!" मी त्याच्या अंगावरून ओरडले. "आज घरी कशी जाणार आहेस?"

तिनं मान वळवली. मॅडमला उन्हाचं लागलं की काय, असा चेहरा.

"कशी म्हंजे? सायकलनं!"

मी 'जबाबदारी माझी' दाबलं. मागची मोटारसायकल सावकाश झाली.

"जायचं नाही सायकलनं!" मी ओरडले. "ऐकतीस का? मी सोडणार तुला आज. पार उंबऱ्यापर्यंत. परतीचं काही ठेवायचं नाही. सगळं इथंच टाक!"

"आन् तुमी परत कशा जानार?"

"गप गं बाई! ते माझं मी बघते!"

दोन-चार पायडलं तिनं विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं. मग ती उभी राहिली.

मी चाळीस वर्षं या शर्यती बघतेय. तशी कुणी उभी राहिलेली मी बघितली नाही. घाटाची शेवटची तीन वळणं ती अशी गेली, की जीपला गिअर बदलावा लागला. निरंजन पडद्याकडे बघत होता आणि पडद्यावर शून्यच होतं. त्याच्या खाली दाखवायची सोयच त्यानं केली नव्हती.

ईराला वर माळावर पोचल्यावर कळलं की थांबलेली पोरगी काही रस्त्याच्या कडेला दिसत नाही. मग तिनं जीव तोडून पाठलाग केला, आणि तिच्या टाकीत भरपूर होतं. माळावर अंतर तुटत गेलं. शेवटी दोन सायकलींएवढं राहिलं, आणि ते तसंच राहिलं. कस्तुरीनं रेघ ओलांडली आणि सायकलसकट आडवी झाली.

निरंजन माझ्याआधी पोचला. जीप थांबायच्या आतच त्यानं उडी मारली होती. मानेवर हात, कानात थर्मामीटर, डोळ्यांच्या पापण्या वर. डॉक्टर येईपर्यंत त्यानं तिच्या डोक्यावर दोन बाटल्या ओतल्या होत्या. "आहे, आहे, ठीक आहे," असं तो तिला सांगत होता की मला, कोण जाणे. डॉक्टरांनी तपासलं, सावलीत न्या म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी द्या म्हणाले. सगळं जागेवर होतं. फक्त पाय नव्हते. उभं करायला गेलो की ओल्या कपड्यासारखी खाली यायची.

पुण्याच्या कोचनं तक्रार केली, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही केली असती. पंचांनी चाचणीचं चित्रण मागवून बघितलं, निरंजनला विचारलं. "पोरीनं फसवलेलं नाही," तो म्हणाला. "चाचणी घेताना आम्ही चुकलो. तसं लिहून देतो." दिलंही. कोचनं जबाबदारी घेतली होती, नियमात ते बसत होतं, निकाल कायम राहिला.

ईरा टॉवेल गळ्यात घेऊन आमच्या सावलीत आली. रागावलेली नव्हती, गोंधळलेली होती.

"तू शून्यावर होतीस ना गं?"

"व्हय," कस्तुरी पडल्या पडल्या म्हणाली.

"मग?"

"मॅडम म्हनल्या, घरी सोडते."

ईरानं माझ्याकडे बघितलं. मी तिला काय सांगणार? "तू फार छान चालवलीस," मी म्हटलं. ते खरं होतं, पण त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

दुपार कलल्यावर आम्ही निघालो. कस्तुरी मागच्या सीटवर आडवी, तिची सायकल सोंडेवाडीतल्या शाळेत ठेवलेली. वाटेत निरंजन म्हणाला, "आता चाचणीत पहिला प्रश्न हा घालतो. आज घरी कशी जाणार?"

"आणि सायकलनं म्हणाली तर?"

"तर आधी तिच्या गाडीची सोय करायची, मग चाचणी." मग त्यानं काच वर केली. "तुझ्याकडे वर्षभर यायला पाहिजे होतं, अक्का. हे मला फोनवर कळलं नसतं."

"मीच येऊ देत नव्हते तुला," मी म्हटलं.

पाण्याच्या टाकीशी डांबर संपलं. पुढं पायवाट, उभा चढ, दगड. मी पार उंबऱ्यापर्यंत म्हटलं होतं, आणि शब्द तर दिला होता. कस्तुरी म्हणाली, "मी जाते की हळूहळू," आणि दार उघडून उतरली ती खाली बसलीच. मग निरंजननं तिला पाठुंगळी घेतलं. हा माणूस गेली वीस वर्षं खुर्चीत बसून काम करतोय. पहिल्या टेकाडाला तो लालेलाल झाला. मग मी घेतलं. मग परत त्यानं. कस्तुरी दर थोड्या वेळानं "उतरते मी, उतरते" म्हणायची आणि आम्ही दोघं एकदम "गप बस" म्हणायचो. लहानपणानंतर आम्ही बहीणभाऊ एका सुरात काही बोललो असू तर ते हेच.

वर पोचलो तेव्हा म्हशी गोठ्यात शिरत होत्या. तिची आई धारेचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. "अगं बाई! सायकल कुटाय?" हा तिचा पहिला प्रश्न.

धुळाप्पा बाहेर आले. पोरगी पाठीवर बघून त्यांचा चेहरा उतरला. आम्ही तिला उंबऱ्यावर बसवलं. तिनं गळ्यातलं पदक काढून बापाच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, आणि मग तिच्या पायांकडे बघितलं.

"परतीचं राखलं न्हाईस?"

"न्हाई."

"काईच?"

"काईच न्हाई, आबा."

"मग आलीस कशी?"

तिनं आमच्याकडे बोट केलं. "ह्येंनी आनलं."

धुळाप्पांनी आमच्याकडे बघितलं. निरंजन अंगणातच बसकण मारून धापा टाकत होता. माझा गुडघा सुजायला लागला होता आणि मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी होते. खाली दरीत अंधारून आलं होतं. आमची जीप कुठं उभी होती तेही दिसत नव्हतं.

"आन् तुमी?" त्यांनी मला विचारलं. "तुमी राखलंय का परतीचं?"

मी हो म्हणणारच होते. नाटक मला चांगलं येतं. पण शेजारी निरंजन बसला होता, त्याच्यापुढं काय लपणार?

"नाही हो," मी म्हटलं.

"मग ऱ्हावा की," ते म्हणाले, आणि आत वळून बायकोला चार भाकरी जास्त टाकायला सांगितल्या.